निग्रह

आईचा हात हेरिमच्या पाठीवर मध्येच थांबला. हिरव्या खरखरीत हातमोज्याखाली मळाची वळी अर्धवट राहिली. गल्लीतल्या सोल्हीच्या आईने विचारलेला प्रश्न सार्वजनिक स्नानगृहाच्या वाफेत तसाच लोंबकळत होता.

तिने एवढेच विचारले होते, "वैद्य हेरिमचाच, काढाही तोच. मग माझ्याच पोरीला तो लागू का पडत नाही?"

पोर, म्हणजे सोल्ही, कोपऱ्यातल्या नळाखाली भिंतीकडे तोंड करून बुटक्या स्टुलावर बसली होती. रुंद, गोरी पाठ. आणि ओल्या केसांतून जागोजागी दिसणारी टाळू. बारीक होण्यासाठी उन्हाळाभर ती सकाळ-संध्याकाळ ते काळे कडू पाणी पीत होती आणि भाताऐवजी अर्धे रताळे खात होती. मघाशी कपडे काढताना तिच्या बोटांना बटण सापडेना, इतके हात थरथरत होते. शेवटी हेरिमनेच ते काढून दिले होते.

"अहो ताई," आईचा हात पुन्हा चालू लागला, पण नको इतका जोरात, "काढा नुसता पिऊन भागत नाही. मनाचा निग्रह लागतो. आमची हेरिम वर्षभर भाताकडे फिरकली नाही."

"तेच म्हणते मी. ही चोरून खाते, दुसरं काय!" सोल्हीच्या आईने भांडेभर पाणी खांद्यावर ओतले. "माझ्या लाँड्रीत येणारं प्रत्येक गिऱ्हाईक मला विचारतं, एकाच गल्लीतल्या दोन पोरी, एक वेलीसारखी नि एक भोपळ्यासारखी, हे कसं काय? हेरिम, तूच सांग हिला. माझं कुठे ऐकते?"

कोपऱ्यातली पाठ हलली नाही. मान तेवढी आणखी खाली गेली.

हेरिमने मांडीवरचा टॉवेल पोटाशी घट्ट धरला. त्याखाली, माणसे निघून गेलेल्या घरातल्या पडद्यांसारखी, सैल कातडी लोंबत होती आणि तिच्या घड्यांत शस्त्रक्रियेचे बारीक, जांभळे व्रण होते. जाड होती तेव्हा ती या स्नानगृहात पाय ठेवत नसे. बारीक झाली तरी टॉवेल सुटला नव्हता. 'काय पोरीचा निग्रह!' हे कौतुक आईने दागिन्यासारखे अंगावर चढवले होते आणि पोट कापून घेतल्याचे देगू शहरातल्या कुत्र्यालाही कळता कामा नये, अशी तंबी दिली होती. इस्पितळाच्या मागच्या खोलीत दर गुरुवारी हेरिमसारख्या बायका एकत्र बसत. एक घास जास्त झाल्याचे, केस गळाल्याचे, आरशासमोर उभे न राहवल्याचे एकमेकींना सांगत. त्यांच्यातली बस चालवणारी एक बाई निघताना प्रत्येकीला विचारायची, "या आठवड्यात कुणाशी खोटं बोललीस?" हेरिमचे उत्तर दर वेळी एकच असे: गल्लीशी.

आज ती गल्ली तिच्याकडे पाठ करून बसली होती.

"मी काढा प्यायलेच नाही," हेरिम म्हणाली.

पाठीवरचा हातमोजा एकदम रुतला. "हेरिम!"

"एक थेंबसुद्धा नाही, काकू. पोट कापून घेतलंय मी. निम्म्याहून जास्त काढून टाकलं डॉक्टरांनी." तिने टॉवेल बाजूला केला. "हे बघा. निग्रह असा दिसतो."

गरम पाण्याच्या हौदात बसलेल्या बायकांच्या गप्पा विझल्या. सोल्हीची आई व्रणांकडे, मग हेरिमच्या आईकडे, मग पुन्हा व्रणांकडे पाहत राहिली.

"बाई गं! म्हणजे सोपा मार्ग काढलास की! आणि आम्ही इथे मूर्खासारखं कडू पाणी उकळतोय."

"सोपा?" हेरिम हसली. "मघाशी तुम्ही प्रेमानं ते तांदळाचं गोड पेय पाजलंत ना? या कापलेल्या पोटाला गोड सोसत नाही; दोन घोटांत मला घाम फुटला. काळीज असं धडधडायला लागलं, की कपाटाला धरून उभी होते मी. आईला विचारा. आणि तो काढा आजच ओतून द्या, काकू. चोरून खात नाही ती. उपाशी आहे."

"तेच सांगत होते मी, आई." सोल्हीचा आवाज आधी भिंतीवर आपटला आणि मग त्यांच्यापर्यंत आला. तिने मान वळवली नव्हती. "रोज सांगत होते."

सोल्हीच्या आईच्या हातातले भांडे भरून वाहू लागले, तरी तिने नळ बंद केला नाही.

आई हेरिमच्या कानाशी वाकली. "झालं समाधान? आता कोणत्या तोंडानं फिरू मी गल्लीत? सांग ना. कोणत्या तोंडानं?"

हेरिमने मागे हात नेऊन आईच्या पंजावरचा हातमोजा हलकेच उतरवला आणि आपल्या हातात चढवला. मग ती उठली. टॉवेल स्टुलावरच राहिला. हौदातल्या सगळ्या माना वळल्या. तिने पावलांची घाई केली नाही, आणि पोटावरची सैल कातडी तिच्या चालीबरोबर मोकळेपणाने हलत राहिली.

ओल्या फरशीवरची पावले जवळ येताना ऐकून सोल्हीने पाठीवरचे केस पुढे घेतले आणि पाठ घासायला मोकळी केली.