खरवड

कुमुदचा हात प्लास्टरमध्ये, म्हणून आज पिठलं दिनकररावांनी केलं, जन्मात पहिल्यांदा. फोडणी चरचरली तशी त्यांची छाती फुगली. "बघ, झालासुद्धा स्वयंपाक," म्हणत त्यांनी दोघांची पानं वाढली.

कढईच्या तळाशी मात्र तांबूस थर चिकटला होता. पिठलं करपवलं हे तिला कळायच्या आत त्यांनी कढई गुपचूप नळाखाली धरली.

"अहो, पाणी नका घालू," कुमुद धावलीच. "खरवड आहे ती. इतकी वर्षं मिटक्या मारत खाताय ना?"

"ती ही?" ते कढईकडे बघतच राहिले. "आणि तू?"

"एवढीशी तर निघते."

दिनकररावांनी उलथनं उचललं, सगळी खरवड खरडून तिच्या पानात वाढली आणि तिने घास उचलायच्या आतच विचारलं, "कशी झालीय?"