पाचव्या भागातली बाई

"माझा सिनेमा पाहिलास म्हणे," तुन्जायने बूट काढता काढताच विचारलं.

"काल दुपारी गेले होते," आई म्हणाली. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ती द्राक्षाच्या पानांत भात भरत होती. "सहाजण होतो. त्यातले दोघं घोरत होते."

जिन्न नावाच्या भुताच्या त्या सिनेमाचे पहिले दोन भाग पाहून अख्खं अदाना शहर दिवा लावून झोपलं होतं. चौथ्या भागाला लोक हसायला लागले आणि पाचव्याचं दिग्दर्शन तुन्जायच्या गळ्यात पडलं. इस्तंबूलच्या थिएटरांतून तो भाग आठवडाभरात उतरला. 'या जिन्नाला आता पेन्शन द्या,' असं एकाने पेपरात लिहिलं, आणि तुन्जायने घरची बस धरली.

"खरं सांग, आई. उगाच गोड बोलू नकोस."

"भीती नाही वाटली. जिन्नाची नखं रबराची आहेत, हे मला चष्म्याशिवाय दिसलं. विहिरीचा प्रसंग तर संपेचना. मी आपली पिशवीतले फुटाणे काढून खात बसले."

तो हसला, पण चेहरा उतरलाच. "सगळे हेच म्हणतात."

आईने एक गुंडाळी पातेल्यात नीट दाबून बसवली. "पण ती बाई."

"कुठली?"

"जिची मुलगी गेलीय ती. जिन्न दाराबाहेरून मुलीच्या आवाजात हाक मारतो. ही आपली नव्हे, हे तिला कळतं. दुसरी कुणी असती तर किंचाळली असती. तुझी बाई कडी काढते आणि म्हणते, बाहेर गारठा आहे, आत ये. तिथे माझ्या हातातले फुटाणे हातातच राहिले."

"निर्माता ते कापायला सांगत होता. भुताच्या सिनेमात भुताचीच कसली कीव करतोस, म्हणाला. मी ऐकलं नाही."

"बरं केलंस. कुणी लिहिलं ते?"

तुन्जायने एक पान उचललं. गुंडाळायला गेला आणि ते फाटलं.

"नेसरीन गेली त्या हिवाळ्यात एक मांजर आपलं दार ओरबाडायचं. तू अंधारातच उठायचीस. मांजर आहे हे तुला माहीत असायचं. तरी कडी काढून तू हेच म्हणायचीस."

सव्वीस वर्षांत त्या घरात त्याच्या बहिणीचं, नेसरीनचं, नाव कुणी मोठ्याने घेतलं नव्हतं. आईचे हात थांबले. मग तिने फाटलेलं पान त्याच्या हातातून काढून घेतलं आणि एक धड पान त्याच्या तळव्यावर पसरून ठेवलं.

"सात वर्षांचा होतास तू. मला वाटायचं, गाढ झोपलायस. मग हाक का नाही मारलीस कधी?"

"तू तिच्याशी बोलत होतीस ना," तुन्जाय म्हणाला.