हिरवं कार्ड

तापाच्या वॉर्डाच्या दारात नर्सने विलासचं जनुक-कार्ड पाहून परत दिलं. "लाल आहे. हा ताप झाला तर तुम्ही वाचणार नाही. घरात हिरवं कोणाचं आहे?"

हिरवं एकट्या बहिणीचं, संजीवनीचं होतं. तिने जातीबाहेर लग्न केलं तेव्हापासून, अकरा वर्षं, आत तापाने पडलेले वडील केरबा तिच्याशी बोलले नव्हते. विलासने फोन केला आणि ती दुपारीच आली.

हिरव्या कार्डवाल्यांना हा ताप होतच नसे, म्हणून ती मास्कशिवाय आत गेली. वॉर्डात आल्यापासून नऊ दिवसांनी केरबांना माणसाचा उघडा चेहरा दिसला. त्यांनी मान फिरवली.

"विलास कुठाय?"

"बाहेर आहे, बाबा. त्याला आत सोडत नाहीत."

ती पेजेची वाटी घेऊन बसून राहिली. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "गार झाली असेल. गरम करून आण."