गोलाईवरच्या चुण्या

लेक लुएलाच्या लग्नासाठी गोधडीचा वरचा थर शिवून ओपल देवाघरी गेली. अस्तर लावून टाके घालायचं काम चर्चच्या बायकांकडे आलं. नक्षी एकमेकींत गुंफलेल्या अंगठ्यांची, पण एकूण एक गोलाईवर चुण्या पडलेल्या.

"गोलाईला अरुंद फूट लाव, अरुंद फूट लाव, आयुष्यभर सांगून थकले! ऐकेल ती ओपल कसली?" त्यांच्यातल्या व्हर्डीने डोळे पुसले. मैत्रिणीची अब्रू राखायची म्हणून तिने घरी नेऊन सगळ्या गोलाया उसवल्या आणि मशीनला अरुंद फूट, म्हणजे सुईखाली कापड दाबून धरणारी पट्टी, लावून नव्याने शिवल्या.

लग्नाच्या आदल्या दिवशी लुएलाने तयार गोधडी मांडीवर घेतली. कुठे सुरकुती म्हणून नव्हती. डोळे मिटून ती एकेका अंगठीवरून बोट फिरवत पार कडेपर्यंत गेली, आणि पुन्हा पहिलीपासून सुरू झाली.

"सगळ्या गोलाया उसवून नव्याने शिवल्या. झकास झालीय ना गं?" व्हर्डीला राहवेना.

"हो मावशी, सुंदर झालीय." लुएलाचं बोट अजून फिरतच होतं.

"आईचे ते उसवलेले दोरे... टाकून दिलेस का गं मावशी?"