सहाही कडवी

"पुढचं कडवं कुणाला येतंय का?" टाऊन हॉलमधल्या शोकसभेत आमदारांनी माईकवरून विचारलं.

वरातीतल्या बँडच्या ट्रंपेटच्या साथीवर बेकार पोरांची चीड गाणारा त्यांचा लाडका गायक परवा गेला होता. तेव्हाची ती पोरं आता बँकेचे चेअरमन आणि कॉलेजांचे मालक होऊन मंचावर बसली होती. 'पोट विचारतंय, साहेब कुठाय' हे ध्रुवपद सगळ्यांनी डोळे पुसत म्हटलं. त्यापुढे गाडी सरकेना.

मागच्या रांगेतून निवृत्त हवालदार कुंभोजकर गुडघा धरून उठले आणि त्यांनी सहाही कडवी खणखणीत म्हटली. बँकेत भाच्यांची भरती करणाऱ्या चेअरमनवरचं चौथंसुद्धा. मंचावरचे चेअरमन तेवढा वेळ पंख्याकडे बघत राहिले.

"केवढी भक्ती!" आमदार गहिवरले. "एकही कार्यक्रम चुकवला नसेल तुम्ही!"

"कसा चुकवणार? ड्युटी होती. साध्या कपड्यांत बसायचं, आक्षेपार्ह ओळी उतरवायच्या आणि सकाळी वर पाठवायच्या. बावीस वर्षं."

टाळ्या वाजवायला उचललेले हात तसेच राहिले.

खाली बसताना कुंभोजकरांना शेजारच्याच्या पायातले पोलिसी तांबडे बूट दिसले. अंगात साधा शर्ट, मांडीवर वही. वहीत आत्ताची कडवी होती आणि वर कुंभोजकरांचं नाव.

"चौथ्यातली एक ओळ गाळलीस," ते हळूच म्हणाले. "नीट लिहून ठेव बाबा. माझ्यामागं ही कडवी तुझ्याकडंच राहणार आहेत."