दोन मिनिटं बंद

गाणं पुन्हा थांबलं. ऐन समेवर येता येता. गुरुदत्तांनी घड्याळ पाहिलं आणि वहीत लिहिलं : दहा वाजून चाळीस.

कारखान्यातून रिटायर झाले तरी त्यांचं लॉगबुक काही सुटलं नव्हतं. आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर त्यांनी आयुष्यभराच्या कॅसेटी चढवल्या होत्या. हॉलमधल्या वायरलेस स्पीकरच्या छोट्या डब्यातून त्या सकाळी सातपासून दिवसभर वाजत. मोठमोठे गवई बेलवलीतल्या त्या तीन खोल्यांत मुक्कामालाच आले होते. घरात दुसऱ्या कुणाला तोंड उघडायला जागा नव्हती.

पुण्याहून आलेला त्यांचा मुलगा गंधार डब्यापुढे मांडी घालून बसला होता. बफर वाढवून झाला, डब्याची जागा बदलून झाली, वायरलेसच्या नावानं दोन शिव्याही हासडून झाल्या. शेवटी त्यानं बाबांची वही ओढली.

"बाबा, दर वेळी बरोब्बर दोनच मिनिटं बंद?"

"सेकंदाचा फरक नाही," गुरुदत्त अभिमानानं म्हणाले.

गंधारनं क्षणभर विचार केला. "आई, तू आत काय करतेस गं?"

मालिनीबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. चोराच्या मनात चांदणं. "काही नाही रे. पाणी गरम करते."

"मायक्रोवेव्हमध्ये? परत लाव बघू."

त्यांनी कप पुन्हा आत ठेवला. सकाळपासून तेच पाणी पाचव्यांदा उकळणार होतं आणि ते कुणालाच प्यायचं नव्हतं. ओव्हन घुमू लागला. हॉलमधली तोडी अडखळली, थांबली.

आणि सवयीनं मालिनीबाईंच्या गळ्यातून उरलेली तान निघाली. नवरा कामावर जायचा तेव्हा आठ ते पाच घर त्यांचं होतं, त्या मनसोक्त गात. आता ओव्हनच्या आवाजाआड ही दोन मिनिटं उरली होती. ती पुरत नव्हती, पण तेवढ्यावरच त्या दिवस काढत होत्या. रोज दबक्या आवाजात गायच्या. आज भान राहिलं नाही. तान सरळ समेवर उतरली.

गंधार बघतच राहिला.

"शू!" गुरुदत्तांनी हात वर केला. "मालिनी, जरा गप्प. त्याला मशीनकडे लक्ष देऊ दे."

लागलीच तर म्हणून येताना उल्हासनगरहून आणलेलं वायरचं भेंडोळं गंधारनं पिशवीतून काढलं. "ओव्हन लावला की वायरलेस गडबडतं. सरळ वायर टाकली की प्रॉब्लेम खल्लास." तो आईकडे वळला. "आई, टाकू?"

"तिला काय विचारतोस? टाक."

तासाभरात भिंतीच्या कडेनं वायर ठोकून झाली. गुरुदत्तांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : दोष दूर.

"आई, लाव आता ओव्हन. बिनधास्त!"

मालिनीबाईंनी कप ठेवला, बटण दाबलं आणि श्वास भरून घेतला. हॉलमधली तान चढली, फिरली, समेवर आली आणि पुढे निघून गेली. त्या तशाच उभ्या होत्या. दोन मिनिटांनी ओव्हन वाजला. गाण्यात तो कुणाला ऐकू आला नाही.

त्यांनी श्वास सोडला आणि कपातलं पाणी सिंकमध्ये ओतून टाकलं.