उघडझाप

मक्याचा भाव पार मातीमोल झाला, तेव्हा कुठे सरकार हमीभावातला फरक द्यायला तयार झालं. अट एकच: शेतकऱ्याने आपल्या शेतात बसून, फोनसमोर डोळ्यांची उघडझाप करून, आपण जिवंत असल्याचं दाखवायचं.

मुलाने आणि सुनेने आजारी म्हाताऱ्याला खुर्चीसकट उचलून बांधावर आणलं. वाटेत सारखं कण्हणं चाललं होतं. मका दिसला आणि स्वारी गप्प झाली.

"आजोबा, नुसतं बघत बसू नका, डोळे मिटा!" फोन धरलेला साहेब तिसऱ्यांदा खेकसला.

"बाबा, आता तरी हट्ट सोडा हो," म्हणत सून पुढे वाकली. तिने त्यांच्या नाकाशी बोटं धरली, आणि मग हलक्या हाताने त्यांचे डोळे मिटले.



फोन टिंग करून वाजला: "अभिनंदन! आपण हयात आहात."